तळाचा वास

सांगलीच्या पेठेत नानासो अत्तरवाल्यांच्या दुकानात माया कामाला लागली, तेव्हा गावात हसून हसून लोकांची पोटं दुखली होती. कवठे महांकाळकडचं धनगराचं घर. बाप भाऊसो अजून मेंढरं राखतो, आई हरणाबाई दोन एकर कोरडवाहू बघते, आणि यांची पोरगी विकणार अत्तर! "आगं, गिऱ्हाईक आधी तुझाच वास घेईल आन् पळून जाईल," असं मामी चारचौघांत म्हणाली होती. म्हणू दे. मामीचं नाक आणि मामीची अक्कल, दोन्ही मामीला जन्मात कधी उपयोगी पडलेली नव्हती.

मायाला मात्र नाक होतं. दूध नासायला लागलंय, मेंढरू आतून आजारी आहे, धान्याच्या कणगीत ओल शिरलीय, हे घरात सगळ्यांच्या आधी तिला कळायचं. नानासोंनी ते पहिल्या आठवड्यातच ओळखलं. तरी महिनाभर तिला एक बाटली विकू दिली नाही. नुसतं कागदाच्या पट्ट्या हुंगायला बसवलं आणि शिकवलं.

"वासाला घराणी असतात, बाई," ते म्हणायचे. "मोगरा, जाई, गुलाब हे फुलांचं घराणं. चंदन, देवदार, वाळा, नागरमोथा हे लाकडामुळ्यांचं. ऊद, लोबान, अंबर, मसाले यांचं तिसरं, जड आणि गरम. आणि लिंबू, संत्रं, पुदिना हे ताजं घराणं. त्यांच्यात दम नसतो, पण बिचारे माणसाला हसवतात. गिऱ्हाईक पायरी चढलं की आधी त्याचं घराणं ओळखायचं. फुलाच्या माणसाला ऊद गळ्यात मारलास, तर तो परत यायचा नाही."

आणि घराणं कुठलंही असो, वासाला तीन थर. लावल्या लावल्या येतो तो वरचा वास. तो लग्नात जेवून हात धुवून लगेच गाडी पकडणाऱ्या पाहुण्यासारखा, बघता बघता जातो. मग उमलतो मधला, तो दोन-चार तास घर सांभाळतो. आणि दुसऱ्या दिवशी सदरा खुंटीवरून काढताना जो येतो, तो तळाचा. "विकायला वरचा वास लागतो," नानासो सांगायचे, "पण माणूस परत येतो तो तळाच्या वासासाठी. आणि गंमत अशी की त्याला स्वतःला ते ठाऊक नसतं."

पाच वर्षांत माया अशी तयार झाली, की नानासो तिच्याशिवाय नवीन मिश्रणाला हात लावीनात. त्यांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी ठरवलं की येत्या जानेवारीत मायाला वर्षभर उत्तर प्रदेशात कनौजला पाठवायचं, तिथल्या एका ओळखीच्या अत्तराच्या कारखान्यात, भट्टीपासून सगळं शिकायला. परत आली की दुकानामागची खोली तिची. तिथं ती स्वतःची अत्तरं करील, स्वतःच्या नावानं. आता तुम्हीच सांगा, माधवनगरला भाड्याच्या खोलीत राहून रोज सायकलीनं दुकान गाठणाऱ्या पोरीला आणखी काय हवं? मायानं त्या एका गोष्टीसाठी आलेली दोन स्थळं मोडली होती आणि आईचे वर्षभराचे टोमणे खाल्ले होते. तिला आयुष्यात तेवढंच हवं होतं.

आणि श्रावणात तिची थोरली बहीण रेश्मा वारली.

साताऱ्यात दिली होती तिला. नवरा जयराज एमआयडीसीत कामाला, घरात सासू बनुबाई आणि पाच महिन्यांचा शिवतेज. डेंगीचा ताप आला. आज बरं वाटेल, उद्या बरं वाटेल म्हणेस्तोवर बाई गेली. अंगावर पिणारं पोर मागं ठेवून गेली. मायाला निरोप मिळाला तेव्हा तिच्या हातात गुलाबाची बाटली होती. ती तिनं जपून फळीवर ठेवली, बूच घट्ट लावलं, आणि मग खाली बसून जनावरासारखी ओरडली.

दहाव्यापर्यंत शिवतेजची दशा बघवेना. पोर बाटली तोंडाला लावू देईना. वाटी-चमच्यानं पाजावं तर ओठ मिटून घ्यायचं, जबरदस्ती केली तर सगळं उलटून टाकायचं. शेजारच्या एका लेकुरवाळीनं छातीशी धरलं, तिच्याही अंगावरून तोंड फिरवलं. शेवटी दवाखान्यात नेऊन नाकातून नळी घालावी लागली. डॉक्टर म्हणाले, "बाळाला आजार कसलाच नाही. पण नळीवर किती दिवस ठेवणार? त्यानं स्वतः प्यायला पाहिजे." बनुबाईच्या गुडघ्यांत त्राण नव्हतं, तरी ती दवाखान्याच्या जिन्यावर बसून राहायची आणि येणाऱ्याजाणाऱ्याला म्हणायची, "सून गेली, आता नातू चाललाय बघा."

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली भाऊसो बसला होता. माया त्याच्याजवळ जाऊन बसली. म्हातारा एकदम म्हणाला, "एका मेंढीचं कोकरू मेलं आन् दुसऱ्या कोकराची आय मेली, तर आपण काय करतो गं?"

मायाला ठाऊक होतं. लहानपणी तिनं स्वतः हाताखाली मदत केली होती. मेलेल्या कोकराचं कातडं सोलायचं आणि पोरक्या कोकराच्या अंगावर झुलीसारखं चढवायचं. मेंढी येते, हुंगते, आपलंच म्हणून पाजते.

"जनावर डोळ्यानं वळखत न्हाई, माये," भाऊसो म्हणाला. "नाकानं वळखतंय."

"पर हितं कोकरू न्हाई मेलं आबा. आय मेलीया."

"मग कातडं आयचं घाल की."

बोलून गेला आणि कुणाबद्दल बोललो हे ध्यानात आल्यावर त्यानं तोंडावर पटका दाबला. बाप-लेक तिथंच उन्हात रडत बसली. पण मायाच्या डोक्यात ते शिरलं ते शिरलंच.

दुसऱ्याच दिवशी ती एसटीनं सांगलीला गेली आणि मोगऱ्याची बाटली घेऊन आली. रेश्माच्या लग्नात तिनंच बहिणीला ते अत्तर दिलं होतं, मोगरा आणि खाली थोडं चंदन. आक्काचा वास म्हटलं की मायाला तोच आठवायचा. तिनं तो मनगटाला, गळ्याला, पदराला लावला आणि शिवतेजला उचललं. पोरानं असा टाहो फोडला की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. मायानं त्याला थोपटलं, छातीशी धरलं, तर ते धनुकलीसारखं मागं वाकायला लागलं. बनुबाईनं हिसकावून घेतलं आणि म्हणाली, "काय फासून आलीस गं? लग्नाला चाललीस व्हय?"

अत्तराच्या दुकानात काम करणारीनंच करावी, अशी ही चूक. आक्का मोगरा लावायची ती सणावाराला, पाहुण्यांसाठी. तो तिचा वरचा वास. पोराला त्याचं काय? पोर तिच्या कुशीत निजायचं, केसांत तोंड घालायचं, घामेजल्या काखेशी नाक दाबून प्यायचं. पाच वर्षं नानासोंनी घोकून घेतलं, आणि नेमक्या वेळी बाई विसरली! मायाला स्वतःच्याच मुस्काटात मारून घ्यावीशी वाटली.

पण तळाचा वास आणायचा कुठून? रेश्माची लुगडी-पोलकी दहाव्याला वाटून झाली होती. अंथरूण धुतलं होतं, गोधडी उन्हात पडली होती. बनुबाईनं रीतीप्रमाणं सगळं केलं होतं, तिचा तरी काय दोष. मायानं घरभर शोधलं. कपाटात नाही, न्हाणीत नाही, खाटेखाली नाही. जयराज दारात उभा राहून बघत होता. तो मुळात कमी बोलणारा, त्यात बायको गेल्यापासून मुकाच झाला होता. त्यानं बाहेर जाऊन मोटारसायकलीच्या डिक्कीतून एक मळका सुती रुमाल आणला आणि मायाच्या हातात दिला. बाळंतीण कानाडोक्याला बांधते तो. सगळ्यांची नजर चुकवून त्यानं तो लपवला होता.

"परत देशील न्हवं?" एवढंच तो म्हणाला.

तो रुमाल शिवतेजच्या गालाशी ठेवला आणि पोर गप्प झालं. नुसतं गप्प नाही, त्यानं रुमालाचा कोपरा तोंडात घेतला आणि चोखायला लागलं. पण माया जाणून होती, कापडावरचा वास किती टिकणार? त्यातून पोराच्या लाळेनं आणखी लवकर जाणार. तिनं रुमाल फाडला. अर्धा पोराजवळ ठेवला आणि अर्धा काचेच्या बरणीत घालून सांगली गाठली.

नानासो आणि ती, दोघं मागच्या खोलीत बसली. बरणीचं झाकण उघडायचं, एकदा हुंगायचं, लगेच लावायचं. "फुलांचं घराणं नाही," नानासो म्हणाले. "ताजं तर नाहीच." ओवा आणि बाळंतशेपा होता, धुरीचा. वेखंड होतं, पोराच्या अंगाला चोळतात ते. माक्याचं तेल. त्याखाली आंबूस दूध, त्यात लोण्याची छटा. हे सगळं मायानं मांडलं, जमवलं, पट्टीवर घेतलं. वास जवळ आला, पण माणूस त्यात नव्हतं. घर होतं, बाई नव्हती. तीनदा जमवलं, तीनदा तेच.

मग नानासो उठले आणि खालच्या कप्प्यातून एक कुपी काढली. "कोष्ठाचं तेल," ते म्हणाले. "खोकल्याला मुळी उगाळून देतात बघ, त्याचं. जुने लोक अत्तरात एखादा थेंब घालायचे. आता कोणी घालत नाही. न धुतलेल्या केसांसारखा वास येतो म्हणतात. काहींना मेंढराच्या लोकरीसारखा वाटतो."

मायानं एक थेंब घातला, पट्टी नाकाशी धरली आणि हातातली पट्टी टाकून दिली. आक्का खोलीत होती. मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघुरीशेजारी एका घोंगडीत दोघी निजायच्या, तेव्हाची आक्का. नानासोंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि ते दुकानात जाऊन बसले.

त्या कातड्यानं काम केलं. पोलक्याच्या खांद्याला तो वास, डोक्याला तसाच रुमाल, आणि कुशीत शिवतेज. त्यानं हुंगलं. पुन्हा हुंगलं. मायाचा दंड घट्ट धरला आणि वाटीतलं दूध चमच्या-चमच्यानं प्यायला. चार दिवसांनी नळी निघाली, पंधरा दिवसांत बाटली धरली. साऱ्या वॉर्डानं तोंडात बोटं घातली. भाऊसो लिंबाखाली बसून आभाळाकडं हात जोडत होता, आणि मायाला वाटलं, जन्मात केलेलं हे एक काम असं, की आता मेले तरी चालेल.

मेली नाही, पण जवळजवळ तसंच झालं.

पोर फक्त तिच्याकडं जायचं. मग तिला साताऱ्यातच राहावं लागलं. नानासोंनी गणपतीपर्यंत रजा दिली, ती दसऱ्यापर्यंत वाढली, मग दिवाळीपर्यंत. सकाळी उठून ती आधी तो वास लावायची आणि मग तोंड धुवायची. स्वतःचं तेल नाही, स्वतःचा साबण नाही, आवडीचं अत्तर तर लांबच. बनुबाई चुलीपुढं पाठमोरी बसलेली असली आणि माया मागून गेली, की म्हातारी बोलून जायची, "रेश्मा, तेवढं पीठ दे गं," आणि मग तिचा हात हवेतच थांबायचा. माया पीठ द्यायची. वास तिनंच केलेला.

जयराजचं वेगळंच. ती जवळून गेली की तो होता तिथं उभा राहायचा. एकदा संध्याकाळी माया दोरीवरचे कपडे काढत होती. मागं वळली तर हा हातभर अंतरावर, डोळे मिटून उभा. "दाजी!" ती ओरडली. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडं बघितलं, आणि जे दिसलं त्यानं त्याचा चेहरा एवढासा झाला. "चुकलं," म्हणाला आणि घराबाहेर गेला. मायाला त्याची भीती वाटली, कीवही आली, आणि या माणसाच्या नजरेत आपण कुठंच नाही हेही कळलं. त्या दिवसापासून तिनं रात्रीचं बनुबाईच्या खोलीत कडी लावून झोपायला सुरुवात केली.

दिवाळी झाली आणि भाऊसो-हरणाबाई साताऱ्याला आले. चहा झाला. हरणाबाईनं पदराशी चाळा केला, बनुबाईनं खाकरून घेतलं. माया काय समजायचं ते समजली.

"लोकं बोलाया लागल्यात," हरणाबाई म्हणाली. "दाजीच्या घरात तरणी मेव्हणी किती दिस ऱ्हाणार? त्यापरास लग्नाचा साधा विधी करून टाकू. जयराज सोन्यासारखा मानूस हाय. पोरालाबी सावत्र आय नगं. मावशी ती आयच की."

"मला जानेवारीत कनौजला जायाचंय," माया म्हणाली.

"आन् पोरगं?"

"मी सांगलीला घेऊन जाते त्याला. कनौजला नेते. लागंल ते करते."

"आमचं पोर आमच्या घरातनं हालणार न्हाई," बनुबाई म्हणाली. ती दुष्ट नव्हती. आवाजही चढवला नाही. "माझ्याजवळ आता तेवढंच हाय, पोरी."

मायानं बापाकडं बघितलं. निदान हा तरी बोलेल! पाच वर्षं मामीपासून सरपंचापर्यंत सगळ्यांपुढं हाच तिच्या बाजूनं भांडला होता. भाऊसो जमिनीकडं बघत म्हणाला, "माये, कातडं तूच आंगावर घेतलंस. आता कोकरानं आय म्हटलं, त्यात त्याची काय चूक?"

"आबा, वळखतंय ते वासाला! मला न्हाई! ह्यो वास कुणीबी लावला तर त्याच्याकडं जाईल पोरगं. त्यात काय हाय माझं?" मायाचा तोल गेला. ती आत गेली आणि कुपी आणून जयराजपुढं आपटली. "दाजी, तुमचा पोरगा हाय. तुमी लावा. आजपासनं तुमी पाजा त्याला."

जयराज कुपीकडं बघत राहिला. बायकोचा रुमाल डिक्कीत लपवणारा माणूस तो, त्यालाच तो वास सगळ्यांत जास्त हवा होता. पण त्यानं हात मागं घेतला. "बाईचा वास आंगाला लावून कामावर जाऊ? लोकं काय म्हणतील?"

बघा. पोरीनं जन्म ओवाळून टाकावा, हे लोकांना चालतं. बापानं अंगाला वास लावला तर लोक काय म्हणतील!

शेवटी बनुबाईच म्हणाली, "आण हिकडं. मी लावते." हरणाबाई दचकली. विधवा म्हातारीनं वास लावायचा, तोही मेलेल्या सुनेचा! पण बनुबाईनं कुपी ओढून घेतली. "पर ठरवून बोलू, पोरी. मला लावून पोरगं माझ्याकडं ऱ्हायलं, तर तू खुशाल जा. मी कुनाला बोलू देणार न्हाई. न्हाई ऱ्हायलं तर?"

"न्हाई ऱ्हायलं तर तुमी म्हनशीला तसं," माया म्हणाली. तिला खात्री होती. वास तिनं स्वतः जमवला होता. त्यात कोष्ठाचा थेंब किती, शेपा किती, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. पोर त्या वासावर जगलं होतं. बाकी त्यात काय होतं?

रात्रीच तिनं नानासोंना फोन करून हे ठरलेलं सांगितलं. माया कसलीही कसर ठेवणार नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती न्हाणीत गेली ती तासभर बाहेर आली नाही. रिठ्यानं केस धुतले, पुन्हा धुतले. बेसनानं अंग घासलं, इतकं की दंड लाल झाले. सातारच्या बाजारातून आणलेला कोरा, खळीचा ड्रेस घातला. डोक्याचा रुमाल काढून टाकला. नाकाशी हात नेऊन बघितलं तर काही नाही. आक्का नाही, साबण नाही, काही नाही. कितीतरी दिवसांनी तिला मोकळं वाटलं.

सोप्यात सतरंजी अंथरली होती. एका टोकाला बनुबाई मांडी घालून बसली होती, खांद्याला तो वास, डोक्याला रुमाल, मांडीवर दुधाची बाटली. दुसऱ्या टोकाला, भिंतीला टेकून माया. मध्ये शिवतेजला ठेवलं. नऊ महिन्यांचं झालं होतं पोर, चांगलं रांगत होतं. जयराज दारात उभा, भाऊसो आणि हरणाबाई चौकटीशी. कोणी बोलायचं नाही, हाक मारायची नाही, असं ठरलं होतं.

शिवतेजनं मान वर केली. नाक हललं त्याचं. आणि ते सरळ बनुबाईकडं निघालं.

मायाचा श्वास सुटला. गेलं! बरोबर गेलं! पोर बनुबाईच्या मांडीशी पोचलं, लुगड्याला धरून उभं राहायला बघितलं, तिच्या खांद्यात तोंड खुपसलं. बनुबाईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. तिनं बाटली पुढं केली. मायाला त्या क्षणी कनौज दिसत होतं, आणि काळजात कुठंतरी काहीतरी कचकन तुटतही होतं. पण ते तिनं मोजलं नाही. तिनं हळूच उठायला जमिनीवर हात टेकला.

शिवतेजनं बाटली तोंडात घेतली नाही. त्यानं खांद्यातून तोंड काढलं, बनुबाईकडं बघितलं, मग सोप्यात इकडं तिकडं बघितलं. कुरकुर केली. बनुबाईनं त्याला जवळ ओढलं तर ते वळवळून खाली उतरलं. आणि सतरंजीवरून, आईचा वास तिथंच मागं टाकून, धडपडत, एकदा तोंडावर आपटून पुन्हा उठून, ते मायाकडं आलं. तिच्या कोऱ्या ड्रेसच्या खळीला नाक लावलं, तिच्या घासून लाल केलेल्या दंडाला नाक लावलं, आणि तिथंच गाल टेकून निवांत झालं.

मायाला त्याचा राग आला. खोटं कशाला सांगा, इतका राग आला की त्याला दोन्ही हातांनी दूर लोटावंसं वाटलं. मोठ्या माणसांपुढं दिलेला शब्द मोडायला ती घाबरणारी नव्हती. बापाशी भांडली असती, आईच्या शिव्या खाल्ल्या असत्या, एसटीत बसून निघून गेली असती. हे सगळे तिला आक्काच्या नावानं मागत होते आणि त्या सगळ्यांना ती नाही म्हणू शकत होती. पण हे एवढंसं पोर तिला आक्काच्या नावानं मागत नव्हतं. अख्ख्या घरात त्यानं एकट्यानं तिला ओळखलं होतं, आणि आता त्याला नाही कसं म्हणायचं?

बनुबाईनं डोक्याचा रुमाल सोडला, गुडघ्यांवर हात देऊन उठली आणि थंड झालेलं दूध तापवायला आत गेली. मायानं शिवतेजला उचललं आणि परसात जाऊन नानासोंना फोन लावला.

"नानासो, ती कनौजची जागा दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का गं? म्हातारीनं लावलं नाही का?"

"लावलं."

"मग? पोरानं वास ओळखला नाही?"

"ओळखला," माया म्हणाली. "माझा."

आतून बनुबाईनं दूध तापल्याचं सांगितलं, तशी मायानं फोन ठेवला आणि पोराला घेऊन आत गेली.